म्हातारी मांजर, कॅन्सर आणि पुण्याचा रस्ता

आमची ठमी चौदा वर्षांची. उन्हाळाभरात चार किलोवरून तीनवर आली, तरी आम्ही ‘सोलापूरचं ऊन, खात नसेल’ म्हणत राहिलो. पाठीवरून हात फिरवताना मणके मोजता यायला लागले, तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. आतड्याची भिंत जाड झालेली. डॉक्टरांना लिम्फोमाची, म्हणजे लिम्फ पेशींच्या कॅन्सरची शंका. आई म्हणाली, “या वयात कशाला तिचे हाल?” भाऊ पुण्याला गाडी काढायला निघाला. दोघांचीही घाईच झाली, कारण कॅन्सर कुठल्या जातीचा हेच अजून कळायचं होतं.

वयापेक्षा गाडी तिथेच अडते. बारीक पेशींचा लिम्फोमा सावकाश वाढतो. क्लोरॅम्ब्युसिल (केमोचं औषध) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) यांच्या गोळ्या घरीच द्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं. बऱ्याच मांजरी त्यावर दोन वर्षं काढतात, काही जास्तही. क्लोरॅम्ब्युसिलची गोळी फोडायची नाही, हातमोजे घालूनच द्यायची. ठमीला सोलापुरी चादरीत गच्च गुंडाळून फक्त तोंड बाहेर ठेवलं की मला एकटीला जमतं. (चादर जुनी घ्या, नखांनी धागे निघतात.)

मोठ्या पेशींचा मात्र आडदांड. शिरेतून केमो, सुरुवातीला बहुधा दर आठवड्याला. त्यासाठी पुणं गाठायचं तर जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. केमोनं मांजरांचे केस माणसांसारखे गळत नाहीत, फार तर मिशा जातात. त्रास आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. पण मिळतात ते महिने, वर्षं क्वचितच. पिंजऱ्यात ओरडणाऱ्या जिवाला दर आठवड्याला टेंभुर्णी-इंदापूर घडवणं माझ्यानं झालं नसतं.

नुसतं प्रेडनिसोलोन स्वस्त, इथेच मिळतं, भूकही परत येते. मोठ्या पेशींच्या लिम्फोमात हा दिलासा बहुधा महिना-दोन महिन्यांचाच. आणि ‘देऊन तर बघू’ म्हणून बायोप्सीआधीच (आतड्याचा तुकडा काढून तपासण्याआधीच) सुरू केलं, तर तपासणीत घोळ होतो, पुढे केमोही नीट लागू पडत नाही. बायोप्सीला भूल लागते, म्हणून आधी किडनी तपासून घ्या. ती साथ देत नसेल तर याच गोळ्यांवर आरामात ठेवणं मला चुकीचं वाटत नाही.

लिम्फोमा नसून तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर (स्क्वॅमस सेल कार्सिनोमा) असेल आणि तो जबड्यात उतरला असेल, तर मी वेदना कमी करण्यापलीकडे जाणार नाही. स्तनातली गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल, तर मात्र चौदाव्या वर्षीही ऑपरेशनचा विचार करीन.

कुठलाही मार्ग धरा, घरातलं पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ते विष आहे. आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही तर थांबू नका, लिव्हर बिघडतं.

ठमीचा निघाला बारीक पेशींचा. ज्या दिवशी ती ओट्यावर उडी मारत नाही, त्या तारखेवर आई कॅलेंडरात फुली मारते. सलग फुल्या आल्या तर शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी याल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवलंय. या महिन्यात चार आहेत, सुट्या-सुट्या.