गायराडॉस पोहोचला, बडोदे मागे राहिले: पोकेमॉन होमचा दहा महिन्यांचा अनुभव
ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरले, त्या रात्री स्कूटर वर काढताना माझा फोन खिशातून पाण्यात पडला. दोन दिवसांनी दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेल्याचे सांगितले. पोकेमॉन गो या चालत फिरून खेळायच्या मोबाइल गेममध्ये पकडलेले आपले पोकेमॉन (काल्पनिक प्राणी) फोनमध्ये नसून सर्व्हरवर असतात हे मला ठाऊक होते, परंतु ज्या जुन्या ईमेलने खाते उघडले होते त्याचा पासवर्ड काही आठवेना, आणि तो परत मिळवण्यात चार दिवस गेले. डिसेंबर 2016 मध्ये पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे आला, तेव्हापासून मी आणि माझ्या मुलाने मिळून जे जमवले ते सगळे एकाच ठिकाणी पडून आहे, याची धास्ती त्या चार दिवसांत मनात बसली. नवा फोन आल्यावर सप्टेंबरात मी पोकेमॉन होम हे पोकेमॉन साठवून ठेवायचे वेगळे ॲप घेतले.

जोडणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दोन्ही ॲपना एकच निन्टेंडो खाते जोडले की गोच्या सेटिंग्जमधून पोकेमॉन पाठवता येतात, आणि पाठवलेल्या प्रत्येकामागे त्याच्या जातीची एक कँडी (पोकेमॉनला वाढवायला लागणारी खेळातली वस्तू) मिळते.

जे सर्वांत मोलाचे ते सर्वांत आधी सुरक्षित करावे, या विचाराने मी पहिल्याच दिवशी आमचा गायराडॉस पाठवला. तो मूळचा सुरसागर तलावाच्या काठावर पकडलेला मॅजिकार्प. त्याला गायराडॉस करायला 400 कँडी लागतात, आणि बडी म्हणून सोबत घेतला तर एक किलोमीटर चालल्यावर एक कँडी मिळते. मुलगा तेव्हा सहावीत होता. 2017 चा जवळपास सगळा हिवाळा आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर सुरसागरला वळसा घालून दांडिया बाजारातून घरी येत असू. गोमध्ये त्या गायराडॉसच्या पानावर अगदी तळाशी तारीख, त्यापुढे वडोदरा, गुजरात, भारत अशी अक्षरे, आणि मागे लहानसा नकाशा दिसत असे. होममध्ये तो पोहोचल्यावर मी तेच पान उघडून पाहिले. तारीख बरोबर होती, माझे ट्रेनर नावही होते, परंतु ठिकाणाच्या जागी फक्त ‘पोकेमॉन गो’ एवढेच लिहिलेले होते. बडोदे कुठेही नव्हते.

एकदा होममध्ये गेलेला पोकेमॉन गोमध्ये परत आणता येत नाही. तशी सूचना पाठवण्याआधी स्पष्ट येते, मीही ती वाचूनच पुढे गेलो होतो; मात्र परत न येणे म्हणजे ती एक ओळही कायमची जाणे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पाठवण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला असता तर अर्धे दुःख वाचले असते. ज्यांना हे वाचून पोकेमॉन पाठवायचे असतील त्यांना माझे हे एकच कळकळीचे सांगणे आहे, की आधी स्क्रीनशॉट घ्या.

दुसरी गोष्ट ट्रान्सपोर्टरच्या, म्हणजे पोकेमॉन होमला पाठवणाऱ्या यंत्रणेच्या ऊर्जेची; प्रत्येक पाठवणीला ती खर्च होते. पूर्ण भरलेली ऊर्जा 10,000 असते. साध्या पोकेमॉनला 10, लेजेंडरीला (अतिदुर्मीळ, बलवान जातींना) 1,000 आणि शायनीला (वेगळ्या रंगाच्या दुर्मीळ पोकेमॉनला) 2,000 लागते, तर शायनी लेजेंडरी एकटाच सगळी ऊर्जा संपवतो. ती आपोआप पूर्ण भरायला सुमारे आठवडा लागतो, आणि घाई असेल तर खेळातले कॉइन्स मोजून लगेच भरता येते. पहिल्या महिन्यात मला याचा फार राग आला होता, कारण आपलीच वस्तू हलवायला पैसे मोजायचे हे माझ्या स्वभावात बसत नाही. एकही कॉइन खर्च करायचा नाही असे मी ठरवले. परंतु हे मत मला बदलावे लागले. आठवड्याला पाचच शायनी जातात म्हटल्यावर पुढचे पाच कोणते, यावर मुलाशी रविवारी फोनवर बोलणे होऊ लागले (तो आता पुण्यात शिकतो), आणि प्रत्येकाची पकडल्याची जागा वहीत लिहून ठेवायला सवड मिळाली. सगळे एका दिवसात गेले असते तर मी गायराडॉसची चूक आणखी कितीतरी वेळा केली असती.

होमची वार्षिक वर्गणी मी भरलेली नाही. फुकटच्या योजनेत 30 पोकेमॉन मावतात, वर्गणी भरली तर हजारो. मात्र मला हजारो पोकेमॉन जपायचे नाहीत. पहिल्या पाठवणीबद्दल मेलमेटल हा पोकेमॉन भेट मिळतो, तो घेतल्यावर आमच्यासाठी 29 जागा राहिल्या. खरा आनंद मात्र गोमध्ये मिळालेल्या मिस्ट्री बॉक्सने दिला. तो उघडला की तासभर मेल्टन नावाचे पोकेमॉन येत राहतात. एरवी न दिसणारा हा पोकेमॉन मी कमाटीबागेत एका बाकावर बसून पकडला, आणि त्या तासात मी आठ वर्षांपूर्वीच्या उत्साहाने खेळलो.

सगळेच पोकेमॉन जात नाहीत, हेही लक्षात ठेवावे. शॅडो पोकेमॉन (खेळातल्या खलनायकांकडून सोडवलेला) आधी प्युरिफाय, म्हणजे शुद्ध करावा लागतो. फेब्रुवारी 2017 मधला पार्टीची टोपी घातलेला आमचा पिकाचू वेशभूषेमुळे जाऊ शकत नाही, याचे मुलाला वाईट वाटले. पोकेमॉनच्या ताकदीचे गोमधले 15 पैकी 15 गुण पलीकडे 31 होतात, म्हणजे त्या बाबतीत नुकसान नाही, मात्र वेगाचा आकडा नशिबावर ठरतो.

मार्च 2025 मध्ये पोकेमॉन गो बनवणारी निआन्टिक कंपनी आपला गेमचा व्यवसाय 3.5 अब्ज डॉलरना स्कोपली या दुसऱ्या गेम कंपनीला विकत असल्याची बातमी आली, तेव्हा मी पुन्हा अस्वस्थ झालो आणि त्या आठवड्यात स्क्रीनशॉट घेऊन, वहीत नोंदवून आणखी सहा पाठवले. आज 30 पैकी 26 जागा भरलेल्या आहेत. पुरासारखी वेळ पुन्हा आली तर एवढे तरी दुसऱ्या ठिकाणी असतील, यासाठी मी होम वापरत राहणार आहे.

आमचा सर्वांत पहिला पिजी मात्र मी पाठवलेला नाही. तो आमच्या गॅलरीत मुलाने पकडला होता, आणि त्याच्या पानावर तळाशी अजून वडोदरा लिहिलेले आहे. घाईत माझ्या हातून तो निवडला जाऊ नये म्हणून त्याला फेव्हरिटचा तारा लावला आहे. तारा असेपर्यंत तो पाठवताच येत नाही.