पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर या मॅडमना दाखवा

मी ब्लाऊज शिवते, घरीच. वय ५७, पाळी जाऊन ६ वर्षं झाली होती. श्रावणात परकराला डाग दिसला, रुपयाएवढासुद्धा नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, उष्णता असेल, सब्जाचं पाणी घे. घराजवळच्या एका दवाखान्यात न तपासताच रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. थांबलं आणि दसऱ्याला परत लागलं. मग एका गिऱ्हाइकाने या क्लिनिकचा पत्ता दिला.

मॅडमनी आधी सगळं विचारलं. पाळी कधी गेली, शुगर आहे का, घरात कुणाला गर्भाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर झाला होता का. माझी शुगर ८ वर्षांची, वजन ८२. मी म्हटलं, शिबिरात कॅन्सरसाठीची पॅप स्मिअर तपासणी केली होती, नॉर्मल आली. त्यांनी केसपेपर उलटा केला, मागे उलट्या पेरूसारखं गर्भाशय काढलं आणि खालच्या तोंडावर पेन टेकवलं. "ती तपासणी इथली. तुमचं रक्त येतंय ते वरून, आतल्या अस्तरातून."

अस्तर म्हटल्यावर मला लगेच कळलं. रोज हाताखालून जातं माझ्या.

पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, पण अंगातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे अस्तर वाढवणारं हार्मोन, बनवतच राहते. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरलेलं नसतं, म्हणून अस्तर वाढत जातं. वजनाबद्दल आजवर सगळ्यांनी मला फक्त बोलून घेतलं होतं, त्यामागचं हे कारण मॅडमनीच पहिल्यांदा सांगितलं. पाळी गेल्यावर रक्त गेलेल्या दहा बायकांत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो, असंही म्हणाल्या. "पण ती एक कोण, ते तपासल्याशिवाय मला कळणार नाही."

खालून सोनोग्राफी केली. रक्त गेलेलं असताना अस्तर ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून बघायचाच. माझं निघालं ११, म्हणजे अर्ध्या इंचाला थोडंच कमी. पेनच्या रिफिलएवढी बारीक नळी आत घालून त्यांनी तिथेच तुकडा घेतला. दुखलं, खोटं कशाला सांगू. पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोराची कळ आली, पण दोन-तीन मिनिटंच. सिस्टरने शेवटपर्यंत हात सोडला नाही.

आठ दिवसांनी मॅडमचा स्वतःचा फोन आला, "मिस्टरांना घेऊन या." अस्तराचा कॅन्सर, ग्रेड १. रिपोर्टमधली एकेक ओळ त्यांनी मराठीत सांगितली. ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या आणि स्टेज म्हणजे आजार किती पसरला, हा फरक मिस्टरांना दोनदा समजावला. एमआरआय करून कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवलं. दुर्बिणीतून गर्भाशय, नळ्या, दोन्ही अंडाशयं काढली. आजार गर्भाशयातच होता, पहिली स्टेज. रेडिएशनचे शेक द्यावे लागले नाहीत. काढलेल्या गाठीवर एक जास्तीची तपासणीही झाली, हा आजार घराण्यातून आलेला असू शकतो का ते बघायला. तसं काही निघालं नाही. लेकीची काळजी होती, त्या रात्री झोप लागली.

एक स्टार कापलाय तो काउंटरसाठी. भरल्या वेटिंगमध्ये "ब्लीडिंगचा पेशंट कोण?" असं ओरडून विचारतात. खेड्यातली एखादी बाई तेवढ्यानेच उठून निघून जाईल. अपॉइंटमेंट असूनही अडीच तास बसावं लागतं, ते मी धरत नाही, कारण आत गेल्यावर मॅडम घाई करत नाहीत. संडास एकच आहे आणि तोही जिना चढून. ज्यांना रक्त जातंय त्यांच्यासाठीच हा दवाखाना आहे ना?

परवा जाऊबाईंनी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, त्यांनाही दोन महिन्यांपूर्वी डाग लागला होता. सब्जा घेतला म्हणे. मंगळवारचा नंबर लावलाय, मी सोबत जाणार आहे.