पायाभूत वैद्यकीय ज्ञानाचा उन्हाळी वर्ग : शिकवणे उत्तम, नोट्स सदोष

बारावीनंतर नर्सिंग, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका), फिजिओथेरपी किंवा एमबीबीएसकडे वळू पाहणाऱ्या मुलांसाठी सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील एका खाजगी संस्थेने सुटीत घेतलेल्या वर्गाला माझी मुलगी यंदा गेली होती, आणि पालकांना मागे बसू देत असल्याने काही तास मीही पाहिले. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी म्हणून कोणी येथे पाल्याला पाठवू नये. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राला असलेल्या त्या परीक्षेसाठी एनसीईआरटीची पुस्तके आणि प्रश्नांचा सराव यांना पर्याय नाही. मात्र हे क्षेत्र आपल्याला झेपेल का, हे ज्याला आधी पारखून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी हा वर्ग उपयोगी आहे.

रक्तदाबाचा तास सर्वांत सरस झाला. मुलांना पाच मिनिटे पाठ टेकवून, पायावर पाय न ठेवता बसवले, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवायला लावला आणि पट्टा शर्टाच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटे वर बांधला. मनगटाची नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी थोडी हवा भरून ती सावकाश सोडताना स्टेथोस्कोपमध्ये पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा आणि ठोके थांबतात तो खालचा, हे प्रत्येकाने स्वतः ऐकले. कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी १९०५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही तशीच वापरली जाते, हेही शिक्षकांनी सांगितले. दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, हे त्यांनी दोन पट्टे बांधून दाखवले. एवढी काळजी मी अनेक दवाखान्यांतही पाहिलेली नाही.

सोलापूरचा मे महिना लक्षात घेऊन ओआरएसवरही, म्हणजे शरीरातील पाणी कमी झाल्यावर द्यायच्या मीठ-साखरेच्या द्रावणावरही, चांगली चर्चा झाली. लहान आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते, म्हणून मिठाबरोबर साखर लागते, हे कारण मुलांना पटले. नेहमीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे, अर्ध्या पेल्यात नव्हे, हेही बजावले गेले.

छापील नोट्सबाबत मात्र तक्रार आहे. शिरांमधील रक्त निळे असते, असे त्यांत लिहिले आहे; प्रत्यक्षात ते गडद लाल असते आणि त्वचेतून प्रकाश ज्या प्रकारे परावर्तित होतो त्यामुळे शीर निळसर दिसते. सर्दीवर अँटिबायोटिक घ्यावे, हे विधान तर घातकच आहे, कारण सर्दी विषाणूंमुळे होते आणि ही औषधे जिवाणूंवर चालतात. शिक्षकांनी दोन्ही चुका फळ्यावर दुरुस्त केल्या, पण नोट्स तशाच वाटल्या गेल्या. रसायनशास्त्राचा भाग घाईत उरकला, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. शुल्क रास्त आहे, मात्र प्रवेश घेण्यापूर्वी नोट्सची सुधारित प्रत मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे.