जुन्या फियाटचं स्टिअरिंग दुरुस्तीला देताय? आधी हे वाचा

जुन्या गाड्यांचं काम करणारे बरेच कारागीर मनापासून आणि चोख काम करतात. पण आमच्याशी जे झालं ते फियाट, पद्मिनी, अँबेसिडर जपणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी बाबांची, १९६८ची फियाट ११०० डिलाइट. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. इंजिन अजूनही झकास आहे, पण आतून गाडी थकली होती. हस्तिदंती रंगाच्या स्टिअरिंगच्या चाकाला आऱ्यांजवळ भेगा पडल्या होत्या. या वयाच्या सगळ्याच चाकांचं हे दुखणं. वरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसत जातं, आतली लोखंडी कडी काही आकसत नाही, मग प्लास्टिक फाटतं. पुढच्या काचेचं रबर कडक झाल्यामुळे पाणी आत झिरपून डॅशबोर्डचा पत्रा एका कोपऱ्यात गंजला होता.

ओळखीतल्या एकाने पुण्यातल्याच एका पेंटरचं नाव सुचवलं. माणूस बोलायला गोड, जुन्या गाड्यांची माहितीही पक्की. भेगा कानशीने व्ही आकारात उघडणार, आतल्या कडीचा गंज काढणार, इपॉक्सी (घट्ट होणारं फिलर) भरणार, वर पीयू (हार्डनर घालून मारायचा टिकाऊ) पेंट मारणार. डॅशबोर्ड बाहेर काढून कोऱ्या पत्र्यापर्यंत खरवडणार, मग प्रायमर, मग रंग. अगदी असंच व्हायला हवं. सांगितलेले अठ्ठावीस हजार त्या कामाला रास्त वाटले. पंधरा हजार आगाऊ दिले. त्याने दिलेल्या चिठ्ठीवर फक्त 'स्टिअरिंग, डॅशबोर्ड काम' एवढंच होतं.

मधल्या काळात काम बघायला यायचं म्हटलं की 'ओव्हनमध्ये आहे', 'कोटिंग सुकतंय' अशी उत्तरं. हातात आलं ते थेट चकचकीत रंगवलेलं. बाबा खूश झाले, उरलेले पैसे त्याच दिवशी दिले.

उन्हाळ्यात हॉर्नच्या रिंगजवळ रंगाचा टवका उडाला आणि खाली काळं प्लास्टिक दिसलं. आमचं चाक मुळातच हस्तिदंती प्लास्टिकचं, जुन्या भेगांमध्येही आतपर्यंत तोच रंग दिसायचा. म्हणजे हे आमचं चाकच नव्हतं! नंतरच्या एखाद्या पद्मिनीचं काळं चाक रंगवून बसवलं होतं. पावसाळ्यात डॅशबोर्डच्या त्याच कोपऱ्यात फोड आले. नखाने दाबलं तर रंगाखालून लांबीची (खड्डे भरायच्या पुट्टीची) खपली निघाली आणि खाली जशाचा तसा गंज, सँडपेपरसुद्धा लागलेला नाही. वर साधा ड्युको, म्हणजे हार्डनर न घालता नुसता सुकणारा रंग, मारलेला. थिनरचा बोळा फिरवला तर रंग सरळ फडक्यावर उतरला.

यामागचं गणित सोपं आहे. डिलाइटचंच मॉडेल पुढे पद्मिनी म्हणून वर्षानुवर्षं निघत राहिलं, त्यामुळे बरेच भाग एकमेकांना बसतात. पद्मिनी टॅक्सी मोठ्या संख्येने भंगारात गेल्या, मुंबईतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीचं चाक भंगारात स्वस्तात मिळतं आणि साठच्या दशकातल्या मूळ हस्तिदंती चाकाला हौशी लोक चांगली किंमत मोजतात. म्हणजे दुरुस्तीचे पैसे आपल्याकडून घ्यायचे आणि आपलं चाक दुसऱ्याला विकायचं, दोन्हीकडून कमाई. मला पैशांपेक्षा याचाच जास्त संताप आहे. बाबांनी पन्नास वर्षं हातात धरलेलं चाक कुणीतरी परस्पर विकून टाकलं.

म्हणून सांगतो, भाग देण्याआधी त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला, चाकाच्या हबच्या (मधल्या भागाच्या) आत किंवा डॅशबोर्डच्या मागे, पंचने (ठोकून खूण करायच्या टोकदार अवजाराने) खूण करा आणि त्या खुणेसकट फोटो काढा. कामाचे टप्पे कागदावर लिहून घ्या, कुठलं फिलर, कुठला रंग हेसुद्धा. सगळ्यात महत्त्वाचं, रंग मारण्याआधी भाग डोळ्यांनी बघायला मिळाला पाहिजे. भेगा उघडल्यावर एकदा आणि प्रायमर लागल्यावर एकदा. एकदा रंग चढला की खालचं काहीच कळत नाही. 'बघायला येऊ नका' म्हणणाऱ्याकडून भाग तसाच परत आणा. पैसेही या टप्प्यांप्रमाणेच द्या.

माल ताब्यात घेताना डॅशबोर्डवर छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली लांबीचा जाड थर आहे. थिनरचा बोळा मागच्या बाजूला घासून बघा. हार्डनर घालून नीट सुकवलेला पीयू टिकतो, ड्युको लगेच विरघळतो. हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि प्रामाणिक कारागिराला त्याचा राग येत नाही.

आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने 'हेच तुमचं चाक' म्हणून हात वर केले. मग जुने फोटो, चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी जोडून पोलिसांकडे तक्रार दिली. सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघात आहे, नुसता पैशांचा वाद नाही. ठाण्यात हे ठामपणे सांगावं लागतं, नाहीतर 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवतात. निकृष्ट कामासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे वेगळा अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारा.

आमच्या चाकाची एक ओळख आहे. समोरून पाहिलं तर घड्याळात चार वाजतात त्या जागी, कड्याच्या मागच्या बाजूला, सोल्डरिंग आयर्नने वितळलेला करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग आहे. बाबांनी एकदा हॉर्नची तार जोडताना तो पडला. डिलाइटचं हस्तिदंती चाक कुणी विकायला आणलं तर तेवढं उलटं करून बघा आणि डाग दिसला तर विकणाऱ्याकडे ते कुठून आलं याची पावती मागा.