गाणं अडतं कुठे? जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय आणि डॅक: वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली जोडणी उन्हाळा आला तरी रोज वाजते आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. नवा डॅक (डिजिटल गाण्याचं स्पीकरकडे जाणाऱ्या विजेच्या लहरींत रूपांतर करणारं यंत्र) आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘आवाजावरचा पडदा दूर झाला’ असं लिहिणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. आवाजाच्या दर्जाचा प्रश्न लवकर सुटतो. काही महिन्यांनी विचारायचं ते हे, की गाणं मध्येच अडतं का, आणि अडलं तर कशामुळे ते आपल्याला ओळखता येतं का. मला आता बरंचसं ओळखता येतं, कारण प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा असतो.

आधी सामान. आतल्या खोलीत जुना विंडोज लॅपटॉप, त्याला बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क आणि तिच्यात घरच्या सीड्यांवरून काढलेल्या फ्लॅक फाइली, म्हणजे दर्जा न घटवता दाबून ठेवलेली गाणी. लॅपटॉपवर संग्रहातलं गाणं घरातल्या प्लेअरकडे पाठवणारं सॉफ्टवेअर, लिरियन म्युझिक सर्व्हर. हॉलमध्ये रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, त्यावर गाणं वाजवणारं पायकोअरप्लेअर, पुढे यूएसबी डॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. गाणं निवडायचं फोनवरून. लिरियन हे नाव २०२४ मधलं. त्याआधी हेच लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं, आणि मुळात ते स्लिम डिव्हायसेसचं, जी कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये विकत घेतली. त्यांचे स्क्वीझबॉक्स प्लेअर २०१२ मध्ये बंद झाले, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवलाय. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, आणि स्वतःचा संग्रह असणाऱ्याला मी आजही हाच सुचवीन.

घर दादरला, शिवाजी पार्कच्या बाजूला, जुन्या इमारतीत. जाड भिंती, जुनं वायरिंग आणि खारी हवा, तिघांनीही आपापला हिस्सा वसूल केला.

सुरुवातीला पाय नव्हताच. लॅपटॉप हॉलमध्ये आणि डॅक थेट त्याला. तक्रार अशी की मधूनच ‘टक्’, कधी ‘चर्र’. द्रुत बंदिशीत तबल्याखाली ते झाकलं जातं. किशोरीताईंचा आलाप चालू असेल आणि मागे नुसता तानपुरा, तर एकही टक् सुटत नाही. यावर सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे महागडी यूएसबी केबल घ्या. घेऊ नका. एक-दोन मीटरची धडधाकट केबल असेल तर दोष जवळजवळ नेहमी संगणकाच्या आत असतो. डॅकला ठरावीक वेळेला माल पोचवायचा असतो आणि नेमका तेव्हाच एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसर अडवून बसतो. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर हे पकडून देतं. आमच्याकडे त्याने वाय-फायच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. वाय-फाय बंद करून डिस्कवरचंच गाणं लावलं, टक्टक गायब. ड्रायव्हर बदलला, पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केलं, आणि हे प्रकरण मिटलं.

त्याच सुमारास विंडोजची दुसरी सवयही मोडली. डॅकसाठी विंडोजमध्ये सॅम्पलिंगचा दर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) समजा ४८ किलोहर्ट्झ ठरवलेला असेल, तर सीडीचं ४४.१ चं गाणंही आधी ४८ मध्ये बदलून पुढे जातं, शिवाय मेल आल्याची ‘टिंग’ त्याच वाटेने स्पीकरमध्ये. प्लेअरमध्ये वासापीचा (विंडोजची आवाज पाठवायची वाट) एक्सक्लुझिव्ह मोड लावला, म्हणजे डॅक त्या एका प्लेअरच्या ताब्यात दिला, की दोन्ही टळतं. बदललेल्या दराचा फरक मला तरी ऐकू आला नाही, पण टिंग गेली हे काय थोडं झालं!

मग घुमणं. स्पीकरमधून सतत एक खालच्या पट्टीतली घूं, ५० हर्ट्झची, म्हणजे थेट घरातल्या विजेची. इथे एक साधी कसोटी आहे. आवाजाचं बटण शून्यावर आणूनही घूं तेवढीच राहिली तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. बटणाबरोबर कमीजास्त झाली तर ती मागून, एखाद्या इनपुटमधून येतेय. आमची बटणाबरोबर हलत होती. एकेक पिन काढत गेल्यावर गुन्हेगार निघाला तो संगीताच्या वाटेवर नसलेलाच: सेट-टॉप बॉक्सला गच्चीवरून येणारी केबल. टीव्हीचा आवाज त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला होता, केबलचं अर्थिंग एकीकडे, घराच्या सॉकेटचं दुसरीकडे, आणि दोन्हींमधून एक बंद वळसा तयार झालेला. टीव्हीची जोडणी ऑप्टिकल केबलने डॅकला दिली. त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून वळसा तुटला. लॅपटॉपच्या तीन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमुळेही थोडी घूं होती. तो काढून बॅटरीवर चालवलं की ती जायची. अशा वेळी अर्थची पिन कापून टाका म्हणणारे भेटतात. तो जिवाशी खेळ आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पाइक बोर्डावर घ्यावेत आणि तरीही घूं राहिली तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे मधला विजेचा थेट संबंध तोडणारा जोड, लावावा.

लॅपटॉपचा पंखा हॉलमध्ये नकोसा झाला म्हणून लॅपटॉप आत गेला आणि पाय आला. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून बोर्डाबरोबर जो अ‍ॅडॅप्टर मिळाला तो डॅक जोडला की दम टाकायचा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, आणि त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. वीज कमी पडली की आवाज चिरकतो, कधी डॅक क्षणभर दिसेनासाच होतो, आणि माणूस उगाच सेटिंगं बदलत बसतो. पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा दिली आणि उत्तर शून्य आलं नाही, तर बहुधा विजेचा किंवा तापण्याचा प्रश्न असतो. बरोबर ताकदीचा अ‍ॅडॅप्टर, जाड वायरीचा, आणि काम झालं. पायकोअरप्लेअरची एक गोष्ट मला फार आवडते: सुरू झाल्यावर तो सगळा मेमरीत चालतो, त्यामुळे मेन स्विच खटकन बंद केला तरी एसडी कार्ड खराब व्हायची भीती नसल्यात जमा.

खरा वेळ खाल्ला तो वाय-फायने. रात्री नऊनंतर गाणं मध्येच पूर्ण थांबायचं आणि काही सेकंदांनी आपणहून पुढे सुरू व्हायचं. ही जात वेगळी, टक्टक नव्हे. प्लेअर पुढचं थोडं गाणं आधीच आणून मेमरीत ठेवतो. तो साठा संपला की शांतता. म्हणून नेटवर्कवर संशय असेल तर एक प्रयोग करा. गाणं चालू असताना राऊटर बंद करा. साठ्यावर ते काही सेकंद वाजत राहील. तेवढ्या वेळातही चिरकणं चालू राहिलं, तर नेटवर्क निर्दोष आहे. पुढे डॅक, वीज, स्पीकर यांच्याकडे बघा. उलट एरवी आवाज स्वच्छ आणि फक्त खंड पडत असतील, तर दोष साठ्याच्या अलीकडे, हवेत किंवा सर्व्हरवर.

इंटरनेट कंपनीच्या माणसाने येऊन फोनवर स्पीड टेस्ट दाखवली, आकडा झकास होता. पण माझ्या डिस्कवरचं गाणं माझ्या हॉलपर्यंत येताना इंटरनेटवर जातच नाही! शिवाय सीडीच्या दर्जाला न दाबता लागतात सेकंदाला १४११ किलोबिट, फ्लॅकमध्ये त्याहून बरेच कमी. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइलसुद्धा न दाबता ९.२ मेगाबिटांत बसते. वेग भरपूर होता, नव्हतं ते सातत्य. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या हॉलमध्ये फोन शेजाऱ्यांची नेटवर्कं दाखवतो ती यादी बोटाने वर सरकवावी लागते. रात्री सगळे घरी आले की त्या तीन चॅनेलांवर विरार फास्टची गर्दी. त्यात माझं गाणं दोनदा हवेतून जायचं, लॅपटॉपकडून राऊटरकडे आणि राऊटरकडून पायकडे. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण आमच्या भिंतींपुढे त्याचं काही चाललं नाही.

त्यावर आणखी एक वळण. लॅपटॉपला वाय-फायचा डोंगल होता आणि त्याला खेटून यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो; इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. म्हणजे डिस्क वाचायला लागली की डोंगल बहिरा. डोंगल एक्स्टेंशन केबलने दूर नेला तेव्हा निम्मा त्रास गेला. उरलेला गेला तो इलेक्ट्रिशियनला बोलावून केसिंग पट्टीतून लॅनची वायर टाकली तेव्हा. लॅपटॉपही वायरवर, पायही वायरवर. पैसे मर्यादित असतील तर डॅकचं मॉडेल एक पायरी खाली घ्या आणि वायर टाका.

राऊटर दोन असतील, एक कंपनीचा आणि एक आपला, आणि दोघंही घरातल्या उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटत असतील, तर प्लेअरला सर्व्हर सापडत नाही. दुसऱ्याला अ‍ॅक्सेस पॉइंट करायचं, म्हणजे पत्ते वाटणं पहिल्याकडेच राहतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ९००० आणि ३४८३ हे पोर्ट मोकळे हवेत. सर्व्हरला राऊटरमध्ये कायमचा पत्ता बांधून द्या, नाहीतर वीज जाऊन आली की आईच्या फोनवरचा शॉर्टकट रिकाम्या पानावर जातो आणि ‘तुझं ते यंत्र पुन्हा गेलं’ हे ऐकावं लागतं.

ऑगस्टमध्ये डावा स्पीकर मुका झाला. आरसीए पिनांवर खाऱ्या दमट हवेचा थर. पिना फिरवल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, झालं.

टॅगांबद्दल, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या गायक, राग वगैरे माहितीबद्दल, मात्र थोडं थांबून सांगतो, कारण यात अजून हात गुंतलेत. माझ्याकडे ‘बालगंधर्व’, ‘बाल गंधर्व’ आणि रोमन लिपीतले अशी एकाच माणसाची वेगवेगळी रूपं होती, आणि सर्व्हरच्या लेखी ते सगळे निरनिराळे गायक. फ्लॅकचे टॅग यूटीएफ-८ मध्येच असतात, देवनागरी व्यवस्थित दिसतं. जुन्या एमपी३ फाइलींत प्रश्नचिन्हांच्या रांगा निघतात आणि त्या हातानेच पुन्हा लिहाव्या लागतात. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून मी राग ‘जॉनर’च्या रकान्यात घातले. आता ‘यमन’ दाबलं की भीमसेनजी, वसंतराव आणि कुमारजी एकाखाली एक येतात. एवढ्यासाठीसुद्धा ही सगळी खटपट मला पटते. मैफिलीची सीडी आलाप आणि बंदिश अशी तुकड्यांत कापलेली असते. लिरियन आणि फ्लॅक या जोडीत दोन तुकड्यांमध्ये तानपुरा तुटत नाही. आधी वापरलेल्या डीएलएनएच्या (घरातल्या नेटवर्कवर गाणी पाठवायची दुसरी पद्धत) अ‍ॅपमध्ये तुटायचा.

आईला फोनवर शोधाशोध करायची नसते. तिच्यासाठी सर्व्हरचा अलार्म लावलाय, सकाळी सहाला अभंगांची यादी हळू आवाजात सुरू होते. लॅपटॉपची बॅटरी आपोआपच यूपीएसचं काम करते, पण कायम चार्जरवर राहून ती फुगू नये म्हणून चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे.

राहिलेली एक तक्रार. काही डॅक सॅम्पलिंगचा दर बदलला की क्षणभर गप्प होतात, माझाही त्यातलाच. ४४.१ च्या गाण्यानंतर ९६ चं लागलं तर पहिलं अक्षर गिळलं जातं. सगळं एकाच दरात बदलून पाठवायचं सेटिंग आहे, ते मी लावलेलं नाही. मिसळ यादी लावणाऱ्यांनी डॅक घेण्याआधी दुकानातच अशी दोन गाणी लागोपाठ वाजवून बघावीत.