फुप्फुसातल्या गुठळीनंतर: वॉरफेरिन की नवी गोळी?

फुप्फुसात रक्ताची गुठळी सापडली, हेपारिनची इंजेक्शनं झाली, आता रक्त पातळ ठेवायला रोजची गोळी कोणती? बहुतेक जण आधी सोय बघतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी गुठळी का झाली ते बघा.

उदाहरणार्थ, न्यूमोनियात शरीरभर दाह असतो, रक्त लवकर गोठू लागतं, त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला. असं तात्पुरतं कारण असेल तर किमान 3 महिने औषध घ्यावं लागतं आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. इथे रिवारोक्साबॅन किंवा अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळ्या जुन्या वॉरफेरिनपेक्षा सरस वाटतात. ठरलेला डोस, आयएनआरसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) सारखं रक्त तपासायला नको, वॉरफेरिनचा असर बदलणाऱ्या पालेभाज्यांचा हिशेब नको. मात्र रिवारोक्साबॅनची 15 आणि 20 मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. शिवाय परिणाम लवकर ओसरतो, म्हणून डोस चुकवणाऱ्याला ही गोळी धार्जिणी नाही.

वॉरफेरिन कटकटीचं, हे खरंच. आयएनआर बहुधा 2 ते 3 मध्ये ठेवायचा, त्यासाठी तपासण्या, डोस कधी अर्धी गोळी वर, कधी खाली. न्यूमोनियाची अँटिबायोटिक्स चालू असतील तर आकडा आणखी हलतो. (क्लॅरिथ्रोमायसिन नव्या गोळ्यांचाही असर वाढवू शकतं, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.)

पण गुठळीमागे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल, तर पारडं फिरतं. यात शरीराच्याच अँटिबॉडींमुळे रक्तात गुठळ्या होतात. हा ऑटोइम्युन आजार ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्युन आजारासोबत येतो, एकटाही येतो. त्याच्या तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर रिवारोक्साबॅन आणि वॉरफेरिनची तुलना झाली. रिवारोक्साबॅनच्या गटात गुठळ्या आणि स्ट्रोक जास्त दिसल्याने ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. 2018 साली हे निष्कर्ष छापून आले. अशा रुग्णाने केवळ सोयीसाठी नवी गोळी मागू नये. इथे वॉरफेरिनच, आणि तेही बहुधा दीर्घकाळ.

गरोदरपणात यातली कोणतीच गोळी सहसा देत नाहीत. हेपारिनची इंजेक्शनंच घ्यावी लागतात.

अडचण अशी की संसर्गात या अँटिबॉडी तात्पुरत्या वाढू शकतात आणि रक्त पातळ करणारी औषधं ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटच्या (त्या तीनपैकी एक) तपासणीचा निकाल चुकीचा दाखवू शकतात. म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. किमान 12 आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. रक्त देताना कोणती गोळी, शेवटची किती वाजता घेतली, हे लॅबमध्ये लिहून द्या. त्या तपासणीसाठी गोळी मनाने बंद करू नका.