एजंटला वेब द्यायचंय: तयार सर्च टूल घ्यावं की स्वतःचं फेच लिहावं?

एजंटला, म्हणजे स्वतः टूल्स वापरून काम करणाऱ्या एआय मॉडेलला, इंटरनेट द्यायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. मॉडेलच्या एपीआयसोबत (कोडमधून सेवा वापरायची सोय) मिळणारं तयार सर्च टूल चालू करायचं, नाहीतर वेगळं सर्च एपीआय घेऊन पान आणून वाचायचं काम, म्हणजे फेच, स्वतः लिहायचं. बहुतेक जण निकाल कुठे चांगले येतात यावरून ठरवतात. मी दोन्ही वापरलंय, आणि माझ्या मते फेच कोणाच्या हातात आहे हे आधी बघावं.

सर्चमधून मिळतं ते शीर्षक, लिंक आणि दोन-तीन ओळींचा स्निपेट. एका लायब्ररीतलं फंक्शन नव्या आवृत्तीत चालतं का, असं मी एजंटला विचारलं होतं. स्निपेट वाचून तो "चालतं" म्हणाला. पूर्ण पान वाचायला लावलं, तरी उत्तर तेच. शेवटी फेचने मॉडेलच्या हाती नेमका काय मजकूर दिला तो उघडून पाहिला. मूळ पानावर सगळ्यात वर ठळक पट्टी होती, "हे जुन्या आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन आहे". एचटीएमएलमधून मजकूर काढणाऱ्या कोडने मेनू आणि फूटरसोबत तीही उडवली होती. फेच माझं होतं म्हणून चूक सापडली आणि दुरुस्तही करता आली. तयार टूलमध्ये मॉडेलने काय वाचलं हे बरेचदा पूर्ण दिसतच नाही.

पण स्वतःच्या फेचमागे कष्ट आहेत. जावास्क्रिप्टवर चालणारी पानं साध्या विनंतीला जवळजवळ रिकामी येतात, मग प्लेराइटसारखं ब्राउझर कोडमधून चालवणारं साधन वापरून हेडलेस, म्हणजे खिडकी न दिसणारा, ब्राउझर चालवावा लागतो आणि तो भरपूर मेमरी खातो. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे बॉटने कोणती पानं उघडू नयेत हे सांगणारी साइटची फाइल, पाळायची (१९९४ पासूनचा संकेत, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या नावाने इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाला), ४२९ ("फार विनंत्या झाल्या" असा सर्व्हरचा कोड) आला की थांबायचं, लांबलचक पानं टोकनच्या, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांच्या, हिशेबात बसवायची.

सुरक्षेत तयार टूल उजवं आहे, कारण पान कंपनीच्या सर्व्हरवरून आणलं जातं. तुमच्या क्लाउड सर्व्हरवरचं फेच वाटेल तो पत्ता उघडत असेल, तर १६९.२५४.१६९.२५४ या क्लाउडच्या अंतर्गत पत्त्यावरून सर्व्हरच्या चाव्याही (प्रवेशाची गुप्त माहिती) बाहेर जाऊ शकतात. अंतर्गत पत्ते आधी बंद करा. मॉडेलने स्वतः रचलेली लिंकही उघडू देऊ नका, तिच्यात गुप्त माहिती चिकटवून बाहेर पाठवता येते. मॉडेलला फसवण्यासाठी पानात लपवलेल्या सूचनांचा धोका मात्र दोन्हीकडे आहे.

सर्च एपीआयचा भरवसा हा वेगळा प्रश्न. मायक्रोसॉफ्टने बिंग सर्च एपीआय ११ ऑगस्ट २०२५ ला बंद केलं. त्यामुळे ब्रेव्ह सर्चचं एपीआय घ्या किंवा सर्क्स-एनजी (इतर सर्च इंजिनांचे निकाल गोळा करणारं मुक्त सॉफ्टवेअर) स्वतः चालवा, पण तुमचा कोड आणि सर्च एपीआय यांच्या मध्ये एक पातळ थर ठेवा, म्हणजे उद्या पुरवठादार बदलता येईल.

ताज्या बातम्या, साधी माहिती, लहान टीम असेल तर तयार टूलच घ्या. उत्तरावर विसंबून कोणी कोड, औषध किंवा करार ठरवणार असेल, तर फेच स्वतःकडे ठेवा आणि मॉडेलला दिलेला प्रत्येक मजकूर लॉगमध्ये साठवा.